गोठ्याला नियम नाही

सटवाजीच्या घरात माणसांपेक्षा भाषा जास्त होत्या, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला त्यातली एकही येत नव्हती.

लहान माणूस म्हणजे गार्गी, अडीच वर्षांची. चालायची, पळायची, कोंबड्यांच्या पाठी लागून त्यांना छपरावर चढवायची. हवं ते बोट दाखवून मिळवायची आणि नाही मिळालं तर अंगणात आडवी व्हायची. बोलायची तेवढी नाही. तिच्या आईनं, पुनमनं, मोठ्या हौसेनं तिला भरसभेत ऋषीला प्रश्न विचारून घाम फोडणाऱ्या बाईचं नाव ठेवलं होतं, आणि या गार्गीच्या तोंडून साधं 'आई' निघत नव्हतं.

डोंगरकड्यासारख्या गावात अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. शेजारची भागूबाई रोज भिंतीवरून डोकावून विचारायची, बोलली का, आणि उत्तराची वाट न बघता उपाय सांगायची. मारुतीच्या देवळातली घंटा उलटी धरून तिच्यात पाणी भरायचं, ते पाजायचं. पोपटानं टोचलेला पेरू खाऊ घालायचा. एके दिवशी तर ती खरंच असा पेरू पदराखाली घेऊन आली. पुनमनं तिला समजावलं की काकू, ही अंधश्रद्धा आहे, भाषा अशी येत नसते, तिच्यामागं मेंदूचा सगळा व्यवहार असतो. भागूबाईनं मान डोलवली आणि पेरू भिंतीवर ठेवून ती निघून गेली. पुनमनं आजूबाजूला पाहिलं, पेरू स्वच्छ धुतला आणि गार्गीला भरवला. शेवटी पेरूत जीवनसत्त्व क असतंच की.

पुनम हिंगोलीच्या एका कारकुनाची मुलगी. नांदेडला राहून तिनं भाषाविज्ञानात एम.ए. केलं होतं. माणूस बोलायला कसा लागला यावर जगात काय काय म्हटलं गेलंय ते तिनं परीक्षेत पानंच्या पानं लिहिलं होतं. कुणी म्हणतं, जनावरांच्या आवाजाची नक्कल करता करता. कुणी म्हणतं, सगळ्यांनी मिळून ओझं ओढताना निघालेल्या हुंकारातून. कुणी म्हणतं, आयांनी लेकरं खाली ठेवून कंदमुळं खणताना त्यांना लांबूनच चुचकारलं, त्यातून. पण अडीच वर्षांची एक पोरगी बोलायला का लागत नाही, हे त्या पेपरात नव्हतं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी गार्गीला तपासलं. कानाला यंत्र लावलं, पाठीमागून खुळखुळा वाजवला, चेंडू आण म्हणाल्या. गार्गीनं चेंडू आणला आणि परत दिला नाही. बाई हसल्या. कान ठणठणीत आहेत, समज उत्तम आहे, घरातल्या सगळ्यांनी तिच्याशी भरपूर बोलत राहा, दिवाळीपर्यंत पाहू आणि नाहीच झालं तर पुढचे उपचार सुरू करू, असं त्यांनी सांगितलं.

परतीच्या एसटीत पुनमच्या छातीवर ती दिवाळी दगडासारखी बसली. शेजारी तिचा नवरा सोमेश्वर फोनवर होता. त्याचं वारंगा फाट्यावर टायरचं दुकान, गिऱ्हाईक सगळं ट्रकवाल्यांचं. तो हिंदीत कुणाला तरी सांगत होता की भाई, टायर नया है, नसीब पुराना है, मैं क्या करूं. पुनमच्या कानाला एकदम खटकलं. घरी सासरे सटवाजी बोलणार ते निजामाच्या काळापासून मुरलेलं, बराबर, तकलीफ, दरखास. सासूबाई शालूबाई वऱ्हाडच्या हद्दीवरल्या गोरेगावकडच्या, त्यांच्या बोलण्यात तिकडचं वारं. मोबाईलवरचे ससे-अस्वलं हिंदीत भांडणार. आणि पुनम स्वतः बोलणार पुस्तकातलं. लेकरू कुणाचं ऐकेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या भरपूर बोला. डोंगरकड्याच्या थांब्यावर उतरेपर्यंत पुनमच्या डोक्यात त्याचं 'एकच बोला' होऊन गेलं होतं.

ते एकच कोणतं, याचा निर्णय तिनं फार पूर्वीच केलेला होता. नांदेडच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ती 'का'च्या जागी 'काहून' म्हणाली आणि खोलीतल्या मुलींनी तिचं नावच काहून ठेवलं. पुढं महिनाभर आरशासमोर उभं राहून तिनं तो शब्द जिभेवरून खरवडून काढला. लेकीवर ती वेळ येऊ द्यायची नव्हती.

जेवताना तिनं विषय काढला, पण थेट नाही. आधी गोष्ट सांगितली. इजिप्त देशात एक राजा होता. जगातली पहिली भाषा कोणती, हे त्याला शोधायचं होतं. त्यानं दोन तान्ही लेकरं एका मेंढक्याच्या एकाकी झोपडीत ठेवली आणि ताकीद दिली की यांच्यासमोर कुणी एक शब्द बोलायचा नाही, शेळ्यांचं दूध पाजायचं आणि गप्प राहायचं. ही लेकरं आपल्या मनानं जो पहिला शब्द बोलतील, ती माणसाची मूळ भाषा. दोन वर्षांनी लेकरं हात पसरून 'बेकोस' म्हणाली. राजानं चौकशी केली तर तो शेजारच्या मुलखातल्या भाषेत भाकरीचा शब्द निघाला. राजानं बिचाऱ्यानं मान्य केलं की ते लोक आपल्यापेक्षा जुने.

सटवाजींनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "शेळ्यात ठेवली, बे बे करू लागली. त्याच्यात राजाला काय कळालं?"

पुढं काही पंडितांनी अगदी हीच शंका काढली होती, हे पुनमला माहीत होतं. तिनं ते सांगितलं नाही.

शालूबाईंना वेगळंच काही लागलं होतं. "त्या लेकराइची माय कुठं होती मंग?"

ते गोष्टीत नव्हतं. पुनमनं गोष्ट आवरती घेतली आणि नियम सांगितला. उद्यापासून गार्गीसमोर सगळ्यांनी एकच भाषा बोलायची, प्रमाण मराठी. येत नसेल त्यानं हळूहळू बोलावं, पण दुसरं बोलू नये. गावात गेल्यावर, फाट्यावर, शेतात काय बोलायचं ते बोला.

सोमेश्वरनं बायकोचा चेहरा पाहिला आणि तो ठीक आहे म्हणाला. शालूबाई म्हणाल्या, लेकरासाठी जीभ कापून देऊ, ही काय मोठी गोष्ट. सटवाजी मात्र अडून बसले. घरात ते शुद्ध बोलायला तयार होते, पण गोठ्यात नाही.

"गुंड्या-पवळ्याला म्या शुद्ध बोललो तं ते औत वढायचं सोडून नमस्कार करतील," ते म्हणाले. "गोठ्याला नियम न्हाई."

पुनमनं विचार केला. बैल काही लेकराला भाषा शिकवत नाहीत. तिनं गोठा सोडून दिला.

सुरुवातीचे दिवस मोठे मजेचे गेले. सोमेश्वर सकाळी लेकीसमोर पेला धरून म्हणायचा, "गार्गी, दुग्ध प्राशन कर," आणि शालूबाई चुलीमागं तोंडात पदर कोंबायच्या. पुनम म्हणायची की अहो, इतकं नको, साधं दूध पी म्हणा. पण त्याला मधलं काही जमायचं नाही. तो एक तर ट्रकवाल्यांसारखा बोलायचा, नाही तर पंचांगासारखा. शालूबाईंनी दोनदा 'का' म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा 'हून' मागोमाग आलंच आणि त्यांनी ते हातानं परत तोंडात सारलं. सटवाजींनी एकदा सगळी तयारी करून वाक्य टाकलं, "मी आता आंघोळ करून राहिलो आहे," आणि घाम पुसत मोरीकडं गेले.

पुनम कुणाला रागवत नव्हती. ती फक्त बघायची. तिचं बघणं मात्र असं होतं की रागावलेलं परवडावं.

मग हळूहळू घर गप्प झालं. कुणी ठरवलं नव्हतं. चुकण्यापेक्षा न बोललेलं बरं, एवढंच. शालूबाईंना मीठ हवं असलं तर त्या दोन बोटं चोळून दाखवू लागल्या. सोमेश्वर फोन वाजला की चप्पल न घालताच फाटकाबाहेर पळू लागला. भागूबाई आली की ती आणि शालूबाई भिंतीशी जाऊन एकमेकींच्या कानात कुजबुजायच्या. गार्गी आली की एकदम ताठ उभ्या राहून आभाळाकडं बघायच्या. पुनम एकटी तिच्याशी बोलायची, हे झाड आहे, झाड हिरवे आहे, हा पक्षी आहे, पण तेही वर्गात शिकवल्यासारखं. गार्गी झाडाकडं न बघता आईच्या भुवयांकडं बघत राहायची. पुनमला वाटलं, घराला शिस्त लागली. वाळवण घालताना, कपडे घडी करताना तिचं लक्ष सतत लेकीच्या ओठांवर. ओठ काही हलत नव्हते.

दिवसभर दाबलेलं सगळं बोलणं सटवाजी संध्याकाळी गोठ्यात नेऊन रिकामं करायचे. पवळ्याच्या मानेवर हात टाकून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन, गावात काय झालं, केळीला काय भाव फुटला, सूनबाईनं आज कसं बघितलं, सगळं. बैल रवंथ करत ऐकायचे. कधी पवळ्यानं मान वळवली तर सटवाजी विचारायचे, काहून रुसला बाप्पा, म्या काय वावगं बोललो? गार्गी तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसलेली असायची. एकदा ती पेंढीवर उभी राहून पवळ्याच्या कानाला तोंड लावते आहे असं पुनमला लांबून दिसलं. ती धावत गेली आणि तिनं लेकीला मागं ओढलं. शिंग लागलं असतं म्हणजे? शिंगाच्या भीतीपुढं बाकी काही तिच्या ध्यानातच आलं नाही.

श्रावण संपत आला आणि पोळा उद्यावर आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून काठरलेले खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्यांच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. बैलाला निमंत्रण दिल्याशिवाय पोळ्याचं जेवण होत नाही. आपल्याच घरचे असले म्हणून काय झालं.

सोमेश्वर दुकान लवकर बंद करून आला होता. शालूबाईंनी हळद घरची काढली होती. झुली पेटीतून काढून अंगणात बाजेवर पसरल्या होत्या. गार्गी आजोबांच्या धोतराचा सोगा धरून उभी होती आणि भागूबाई भिंतीवर हनुवटी टेकून.

खांदे मळून झाले. आवतन द्यायची वेळ आली तेव्हा सटवाजी थांबले, आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"सूनबाई, लेकरू समोर हाय. आवतन कोणत्या भाषेत द्यावं म्हणता?"

गोठ्याला नियम नाही हे पुनमला आठवत होतं. पण इतकं सरळ, सोपं, वर्षानुवर्षं तसंच म्हटलं जाणारं वाक्य, तेही लेकीच्या कानावर पडणार, हा मोका तिला सोडवेना. ती म्हणाली, "आज आमंत्रण स्वीकारा, उद्या भोजनास या, असं म्हणा मामा."

सटवाजींनी टोपी नीट केली, पवळ्याचा कान धरला आणि अक्षर न चुकता ते म्हटलं. पवळ्यानं जोरात मान हलवली. माशी बसली असेल.

"न्हाई म्हणतो," शालूबाई म्हणाल्या.

सोमेश्वर वळून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. तेवढ्यात गार्गीनं आजोबांना बाजूला सारलं. ती कडब्याच्या पेंढीवर चढली, पवळ्याचा कान दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि कुजबुजली. कुजबूज होती, पण गोठा इतका शांत होता की भिंतीपलीकडं भागूबाईलाही ऐकू गेलं.

"आज आवतन घे, उद्या जेवाया ये. काहून रुसला, बाप्पा?"

कुणी हललं नाही. पवळ्यानं मान खाली घातली आणि तो तिचा हात चाटू लागला.

मग सगळे एकदम हलले. सोमेश्वरनं लेकीला उचललं आणि बाबा म्हण, बाबा म्हण असा धोशा लावला. शालूबाईंनी तिच्यासमोर कान वाकवला. सटवाजी टोपी काढून पुन्हा घालू लागले. भागूबाईनं भिंतीपलीकडून पेरूचा उल्लेख केला. गार्गीनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि बोटानं दाखवलं, खाली ठेवा.

पुनम खांबाला टेकून उभी होती. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि आधी कोणतं पुसावं ते कळत नव्हतं. तिची लेक बोलत होती. कधीपासून, देव जाणे. फक्त माणसांशी बोलत नव्हती. आणि बोलेल तरी कशी? तिनं या घरात काय पाहिलं होतं? माणसं एकमेकांना बोटं दाखवतात, डोळे वटारतात, लांब जाऊन कुजबुजतात. बोलणं म्हणजे जे बैलाच्या कानात बोलतात ते. पुनमला तो राजा आठवला. तिनं स्वतः, एम.ए. करून, डोंगरकड्यात राजाची ती झोपडी उभी केली होती आणि दारात पहारा दिला होता. त्या लेकरांची माय कुठं होती, याचं उत्तर निघालं. झोपडीतच होती.

पण पुनम रडत बसणाऱ्यातली नव्हती. ती बघणाऱ्यातली होती. लेक कुणाशी बोलते आणि कशी, हे तिनं आता नीट पाहिलं होतं.

तिनं सगळ्यांना खुणेनंच घरात पिटाळलं. बाजेवरची एक झूल उचलली, लाल, आरसे लावलेली, आणि डोक्यावरून पाठीवर ओढून घेतली. साडीचा काष्टा खोचला आणि गुंड्या-पवळ्याच्या मध्ये, शेण चुकवून, ती गुडघ्या-हातांवर बसली. गुंड्यानं तिच्याकडं पाहिलं आणि थोडं सरकून जागा दिली. भिंतीवर भागूबाईचं तोंड उघडं राहिलं. उद्या दुपारपर्यंत हे वारंगा फाट्यापर्यंत पोचणार हे पुनमला ठाऊक होतं. पोचू दे.

गार्गी आली. तिनं या नव्या बैलाला समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं. आजोबा करतात तसं गळ्याखाली खाजवलं. पुनमनं मान खाली घातली. मग तो इवलासा ओला श्वास तिच्या कानाशी आला.

"आवतन घे. जेवाया ये."

जेवायला, बाळा, जेवायला. शब्द पुनमच्या दातांपर्यंत आला होता. तिनं तो गिळला. बैल दुरुस्त्या करत नसतात. काय करावं ते न सुचून तिनं पवळ्यानं हलवली होती तशी मान हलवली.

मग दोन हातांनी तिचा कान ओढला गेला आणि कुजबूज जरा काळजीची झाली.

"काहून रुसली, आये?"

खिडकीशी सोमेश्वर, शालूबाई आणि सटवाजी एकाच गजाला धरून उभे होते. त्यांना शब्द ऐकू आला नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं की लाल झुलीतला बैल एकाएकी गार्गीला पोटाशी धरून गदगदतो आहे आणि गुंड्या शेजारी उभा राहून झुलीचा गोंडा खातो आहे.

दुसऱ्या दिवशी पोळा फुटला. बैल वेशीतून मिरवून आले, शालूबाईंनी त्यांचे पाय धुतले, ओवाळलं आणि सुपातून पुरणपोळी पुढं केली. मग घरातली पानं वाढली. पुनम पाटावर बसायला निघाली तर गार्गीनं तिचा पदर धरला आणि ओढत गोठ्याकडं चालवली. आवतन दिलं होतं. आवतन मिळालेल्यांनी कुठं जेवायचं हे तिला पक्कं माहीत होतं. एवढ्यावरही तिचं समाधान झालं नाही. ती झूल आणायला पुन्हा अंगणात पळाली.

म्हणून त्या दिवशी पुनम गुंड्या आणि पवळ्याच्या मध्ये, अंगावर लाल झूल घेऊन, पुरणपोळी जेवली. गार्गी पेंढीवर बसून तिघांवर लक्ष ठेवून होती, आणि आता कुजबुजत नव्हती. खा, खा, सांडू नको, पवळ्याचं खाऊ नको, असं तिचं अखंड चाललं होतं. शालूबाई दारातून तूप वाढून गेल्या. सोमेश्वर फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, घर के अंदर से बोल रहा हूं भाई, अंदर से.

सटवाजी काठी टेकत आले आणि उंबऱ्याशी थांबले. घसा साफ करून त्यांनी अदबीनं विचारलं की सूनबाई, आपल्या त्या नियमाचं आता काय करावयाचे आहे.

पुनमच्या तोंडात घास होता. तो तिनं सावकाश गिळला.

"काहून मामा?" ती म्हणाली. "गोठ्याला कुठं नियम हाय?"